जहाज जाते, नाव राहते

मराठीत 'नाव' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नाव म्हणजे होडी आणि नाव म्हणजे आपल्याला ज्याने हाक मारतात ते. होडी पाण्यावर चालते. माणसाचे नाव लोकांच्या तोंडी चालते. होडी जुनी होते, कुजते, मोडते. माणसाचे नाव मात्र तो गेल्यावरही मागे राहते. आज आम्ही या दोन्ही नावांची मिळून एक हकिकत सांगणार आहोत. ही हकिकत आपल्या देशाच्या लढाऊ जहाजांची आहे.

आधी एक कोडे घ्या. समजा, चावडीवर दोघांचा वाद चालला आहे. एक म्हणतो, "खुकरी नावाचे आपले जहाज १९७१ च्या लढाईत बुडाले."

दुसरा म्हणतो, "छे हो अण्णा! खुकरी तर २०२१ सालापर्यंत समुद्रावर होती. बुडालेले जहाज चालेल कसे?"

आता सांगा, खरे कोण बोलतो? बघा, दोघेही खरे बोलतात! नाव एक होते, पण जहाजे दोन होती.

आजोबांचे नाव नातवाला

ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्याकडे आजोबा वारले आणि पुढे घरात मुलगा झाला, की त्याला आजोबांचे नाव ठेवतात. नात झाली तर तिला आजीचे नाव ठेवतात. आजोबा दत्तू होते, तर नातूही दत्तू. म्हणून काही नातू आजोबा होत नाही. चेहरा वेगळा, अंगकाठी वेगळी, काळही वेगळा. पण घरातली माणसे त्याला हाक मारतात, तेव्हा जुन्या माणसाची आठवण होते.

नौदलातही असेच चालते. नौदल म्हणजे देशाचे आरमार. एक जहाज वीस, तीस, चाळीस वर्षे चाकरी करते. मग ते जुने होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने लोखंड झिजते, यंत्रे थकतात. तेव्हा त्याला निवृत्त करतात. त्या दिवशी सूर्य मावळताना जहाजावरचा झेंडा शेवटचा उतरवतात. पुढे काही वर्षांनी नवे जहाज बांधले, की पुष्कळदा त्याला जुन्या जहाजाचे नाव देतात.

नौदलात एका वेळी एका नावाचे एकच जहाज चाकरीत असते. नाही तर हुकूम एकाला आणि निघाले दुसरेच, असा घोटाळा व्हायचा! म्हणून जुने गेल्यावरच नव्याला नाव मिळते.

आपल्या लढाऊ जहाजांच्या नावाआधी 'आयएनएस' ही तीन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ आहे 'भारतीय नौदलाचे जहाज'. वर्तमानपत्रात ही अक्षरे दिसली, की समजावे की पुढे जहाजाचे नाव येत आहे.

दोन विक्रांत

सगळ्यांत गाजलेले नाव म्हणजे विक्रांत. विक्रांत याचा अर्थ शूर, पराक्रमी.

पहिली विक्रांत इंग्रजांनी बांधायला घेतली होती. दुसरे महायुद्ध चालू होते, तेव्हा १९४३ साली तिचे काम सुरू झाले. युद्ध संपले आणि काम अर्धवट राहिले. १९५७ साली भारताने ते जहाज विकत घेतले. बेलफास्ट गावच्या गोदीत ते पुरे झाले. गोदी म्हणजे जहाजे बांधण्याची व दुरुस्त करण्याची जागा. ४ मार्च १९६१ रोजी ते भारताच्या नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आले.

हे जहाज विमानवाहू होते. म्हणजे त्याच्या पाठीवरून विमाने उडत आणि पुन्हा त्याच्याच पाठीवर उतरत. समुद्रावरचा चालता-फिरता विमानतळच म्हणा ना!

१९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. तेव्हा विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. बॉयलर म्हणजे वाफ तयार करणारी मोठी टाकी. वाफ कमी, म्हणून वेगही कमी. तरी विक्रांत बंगालच्या उपसागरात उभी राहिली. तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार या बंदरांवर हल्ले केले. शत्रूची समुद्राकडची वाट बंद झाली. त्या युद्धातून बांगलादेश हा नवा देश जन्माला आला.

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली. पुढे काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळांची मुले तिला पाहायला जात. पण लोखंड गंजत चालले. माणसांना वर नेणे धोक्याचे झाले. २०१२ साली संग्रहालय बंद झाले. २०१४ साली जहाज मोडीत निघाले आणि मुंबईतच त्याचे तुकडे झाले. त्यातले काही पोलाद वितळवून एका कारखान्याने मोटारसायकलींत वापरले.

पुष्कळांना वाईट वाटले. पण नाव मोडीत निघाले नव्हते.

केरळात कोची गावी मोठी गोदी आहे. तिथे २००९ साली एका नव्या विमानवाहू जहाजाचा पाया घातला. जहाजाच्या तळाला जो मुख्य कणा असतो, तो आधी मांडतात. घराचा पाया तसा जहाजाचा हा कणा. तेरा वर्षे काम चालले. २ सप्टेंबर २०२२ रोजी हे जहाज नौदलात दाखल झाले. नाव ठेवले विक्रांत.

आता दोघींची तुलना करून पाहू. जुनी विक्रांत सुमारे २१३ मीटर लांब होती. नवी २६२ मीटर लांब आहे. एसटीच्या वीस-बावीस गाड्या एकीमागे एक उभ्या कराव्या, एवढी ही लांबी झाली. जुनीचे वजन भरल्यावर सुमारे २० हजार टन होई. नवीचे सुमारे ४५ हजार टन आहे. एक टन म्हणजे दहा क्विंटल. तेव्हा नव्या विक्रांतचे वजन साडेचार लाख क्विंटल झाले. तिच्यावर सुमारे सोळाशे माणसे राहतात. त्यांत स्त्रियांची राहण्याची सोयही केलेली आहे.

पण सर्वांत मोठा फरक वेगळाच आहे. पहिली विक्रांत आपण विकत आणली होती. दुसरी आपण घरी बांधली. तिचे पोलादही आपल्या देशातच तयार झाले. नातवाने आजोबांपेक्षा मोठे घर बांधावे, तसे हे झाले. नाव तेच ठेवले आणि अंगावरचा क्रमांकही जुनाच ठेवला, आर ११.

एका जहाजाची दोन नावे

एका नावाची दोन जहाजे आपण पाहिली. आता उलटी गंमत ऐका. एकाच जहाजाची दोन नावेही असू शकतात.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्याकडे मोठी लढाऊ जहाजे नव्हती. म्हणून १९४८ साली इंग्रजांकडून एक जुने जहाज घेतले. त्याचे नाव होते अकिलीस. १९३९ साली दक्षिण अमेरिकेजवळ जर्मनांच्या ग्राफ श्पे नावाच्या बलाढ्य जहाजाशी झुंज झाली होती. त्या झुंजीत अकिलीस होते. भारतात आल्यावर त्याचे नाव दिल्ली झाले. पुढे त्या झुंजीवर इंग्रजांनी चित्रपट काढला. तो १९५६ साली आला. त्यात अकिलीसचे काम कोणी केले? आपल्या दिल्लीने! म्हणजे जहाजाने स्वतःचेच सोंग घेतले.

ही दिल्ली १९७८ साली निवृत्त झाली. मग १९९७ साली दुसरी दिल्ली नौदलात आली. ती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली.

जहाज विकत घेतले की घेणारा देश त्याचे नाव बदलतो. लग्न होऊन सून घरात आली, की काही घरांत तिचे नाव बदलीत, तसेच हे. पण तिचे आधीचे आयुष्य काही पुसले जात नाही. जहाजाचेही तसेच आहे.

खुकरीची कहाणी

आता पहिल्या कोड्याकडे वळू. खुकरी म्हणजे गुरखे लोक वापरतात तो वाकडा सुरा. पहिली खुकरी इंग्लंडात बांधली होती. ती १९५८ साली आपल्या नौदलात आली.

९ डिसेंबर १९७१ ची रात्र. खुकरी आणि कृपाण ही दोन जहाजे दीव बेटाजवळच्या समुद्रात शत्रूची पाणबुडी शोधीत होती. पाणबुडी म्हणजे पाण्याखाली बुडून चालणारे जहाज. ते वरून दिसत नाही. त्या पाणबुडीचे नाव हँगोर होते. तिने पाण्याखालून टॉर्पेडो सोडला. टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून धावत जाऊन जहाजावर फुटणारे अस्त्र. तो खुकरीवर फुटला आणि थोड्याच मिनिटांत जहाज बुडाले.

खुकरीचे प्रमुख होते कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. त्यांनी माणसांना जहाज सोडण्याचा हुकूम दिला. पाण्यावर तरंगण्यासाठी अंगात घालायचे जाकीट असते. आपले जाकीट त्यांनी एका नौसैनिकाला दिले, असे सांगतात. स्वतः ते जहाजावरच राहिले आणि जहाजाबरोबर समुद्रात गेले. मरणोत्तर त्यांना महावीर चक्र मिळाले. त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मेले. एकंदर १९४ माणसे.

हा आकडा एकदा थांबून वाचा. १९४ घरे. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची लहान मुले. जमिनीवर माणूस मेला, तर घरचे लोक त्याला अग्नी देतात किंवा माती देतात. या घरांच्या हाती तेवढेही आले नाही. त्यांच्याजवळ उरले ते एक नाव, खुकरी.

आता कुणी म्हणेल, बुडालेल्या जहाजाचे नाव पुन्हा कशाला ठेवावे? ते अशुभ नाही का? काही लोकांना असे वाटते खरे. पण नौदलाने वेगळा विचार केला. नाव टाकून दिले, तर त्या १९४ जणांनाही टाकून दिल्यासारखे होईल. नाव पुढे चालवले, तर रोज हाक मारताना त्यांची आठवण राहील.

म्हणून १९८९ साली दुसरी खुकरी नौदलात आली. ती माझगाव गोदीत बांधली होती. तिने बत्तीस वर्षे चाकरी केली. एकदाही ती शत्रूच्या हाती लागली नाही की बुडाली नाही. २३ डिसेंबर २०२१ रोजी ती सुखरूप निवृत्त झाली. मग तिला मोडीत घातले नाही. २०२२ च्या जानेवारीत ती दीवच्या प्रशासनाकडे सोपवली. दीवला पहिल्या खुकरीचे स्मारक आहे. काचेच्या आत तिची छोटी प्रतिकृती ठेवलेली आहे आणि समोर समुद्र आहे. ज्या पाण्यात पहिली बुडाली, त्याच पाण्याच्या काठी दुसरी येऊन राहिली.

तर चावडीवरच्या दोघांचा वाद असा मिटतो. बुडाली ती पहिली खुकरी. २०२१ पर्यंत चालली ती दुसरी.

खांदेरीचा किल्ला आणि पाणबुडी

काही नावे आणखी मागे जातात. अलिबागजवळ थळ गाव आहे. त्याच्या समोर समुद्रात खांदेरी नावाचे बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होणार, हे इंग्रजांना रुचले नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीलाही रुचले नाही. दोघांनीही जहाजे आणून विरोध केला. पण महाराजांच्या माणसांनी बेट सोडले नाही. किल्ला उभा राहिला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत खांदेरीही आहे.

या बेटाचे नाव आपल्या एका पाणबुडीला दिले. ती १९६८ साली सोव्हिएत रशियाकडून आली होती आणि १९८९ साली निवृत्त झाली. मग तीस वर्षे हे नाव रिकामे होते. २८ सप्टेंबर २०१९ रोजी दुसरी खांदेरी मुंबईत नौदलात दाखल झाली. हिचीही बांधणी माझगाव गोदीतली. म्हणजे आधी बेट, मग किल्ला, मग एक पाणबुडी, मग दुसरी पाणबुडी. साडेतीनशे वर्षांच्या आसपासची ही साखळी आहे.

जमिनीवरची तलवार

तलवार या नावाची हकिकत याहून निराळी आहे. पहिली तलवार पाण्यावर नव्हतीच! मुंबईत कुलाब्याला नौदलाची एक शाळा होती. तिथे संदेश पाठवण्याचे शिक्षण देत. नौदलाची रीत अशी, की किनाऱ्यावरच्या ठाण्यालाही जहाजासारखेच नाव देतात. त्या शाळेचे नाव तलवार होते.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी तिथल्या नौसैनिकांनी संप केला. जेवण वाईट मिळे, गोरे अधिकारी अपमान करीत. संपाची आग मुंबईच्या जहाजांवर पसरली, कराचीपर्यंत गेली. मुंबईचे कामगार रस्त्यावर आले. गोळीबार झाला, अनेक लोक मेले. इंग्रज सरकारला कळून चुकले, की आता आरमारही आपले राहिले नाही. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला.

पुढे १९५९ साली तलवार नावाचे खरेखुरे लढाऊ जहाज इंग्लंडातून आले. ते जुने झाल्यावर २००३ साली रशियात बांधलेले दुसरे आले. शाळा, जहाज आणि पुन्हा जहाज. एका नावाखाली हे तिघे झाले.

इतर देशांतही हीच रीत

ही रीत फक्त आपलीच नाही. इंग्रजांच्या आरमारात आर्क रॉयल नावाची पाच जहाजे होऊन गेली. पहिले १५८७ सालचे, लाकडी आणि शिडाचे. शेवटचे २०११ साली निवृत्त झाले. मधल्या एकाची गंमत आहे. १९३४ साली ते जहाज चाकरीत होते, पण हे मानाचे नाव नव्या जहाजाला द्यायचे ठरले. म्हणून जुन्याचे नाव बदलून पेगॅसस केले. जिवंतपणीच नाव सोडावे लागले म्हणा!

पाकिस्ताननेही असेच केले आहे. खुकरीला बुडवणारी हँगोर निवृत्त झाली. तेच नाव त्या देशाने आपल्या नव्या पाणबुड्यांसाठी घेतले. ज्या नावाने आपल्याला दुःख होते, त्याच नावाचा शेजाऱ्याला अभिमान वाटतो. लढाईची गोष्ट अशीच असते.

नावाने काय होते, काय होत नाही

नुसत्या नावाने जहाज बळकट होत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. पोलाद चांगले पाहिजे. यंत्रे नीट राखली पाहिजेत. माणसे शिकलेली आणि सावध पाहिजेत. हे नसेल, तर थोर नावाचे जहाजही बंदरातच गंजेल. पहिली विक्रांत शेवटी गंजलीच ना? नावाने तिला वाचवले नाही.

मग नावाचा उपयोग काय? उपयोग हा, की नावाने जबाबदारी येते. आपण म्हणतो, पोराने बापाचे नाव काढले. किंवा म्हणतो, बापाचे नाव घालवले. वीस वर्षांचा पोरगा नव्या जहाजावर चाकरीला लागतो.  त्याला सांगतात, याच नावाच्या जहाजावर तुझ्या आधी अमुक माणसे होती, त्यांनी असे असे केले. मग त्याला वाटते, आपल्या हातून या नावाला कमीपणा येता कामा नये. हा विचार विकत मिळत नाही, आणि कोणत्या गोदीत तयारही होत नाही.

आधी नाव वाचा, मग साल वाचा

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. वर्तमानपत्र हातात घेता. त्यात जहाजाचे नाव आले, तर आमचे एवढे सांगणे लक्षात ठेवा. आधी नाव वाचा, मग साल वाचा. नुसते नाव वाचून गफलत होते. कुणी म्हणेल, १९७१ च्या लढाईतली विक्रांत अजून समुद्रावर आहे. ते खरे नाही. ती विक्रांत गेली. आज आहे ती २०२२ सालची. कुणी एखादे जुने चित्र दाखवील आणि नव्या जहाजाचे म्हणून सांगेल. तुम्ही साल विचारा. साल कळले, की कोणते जहाज ते कळते.

हे फक्त जहाजांचेच नाही. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आणि नातवाचे नाव एकच असू शकते. तेव्हाही साल पाहावे लागते. नाही तर जमीन एकाची आणि कागद दुसऱ्याचा, असे होते. अक्षर ओळखणे ही पहिली पायरी. नाव आणि साल मिळवून पाहणे ही दुसरी. ही दुसरी पायरी चढला, तो माणूस सहसा फसत नाही.

पोलाद वितळते, लाकूड कुजते, माणूस जातो. नाव मात्र दुसऱ्याच्या स्वाधीन करता येते. ज्याला ते मिळाले, त्याने ते राखावे आणि पुढच्याला स्वच्छ द्यावे. घराचे तसेच, गावाचे तसेच, आणि देशाच्या जहाजांचेही तसेच.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. पहिली विक्रांत आणि दुसरी विक्रांत कुठे कुठे बांधली?
२. नौदलात एका वेळी एका नावाचे एकच जहाज का असते?
३. खुकरीबद्दल चावडीवरचे दोघेही खरे बोलत होते, ते कसे?
४. तुमच्या घरात आजोबांचे किंवा आजीचे नाव कोणाला ठेवले आहे? दोघांची जन्मसाले कागदावर लिहून पाहा.